मेंढ्याच्या शिंगाची नखी

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. 'आपण थोर कलावंत आहात, आपल्या साधनेतले काही अनुभव आमच्या वाचकांसाठी लिहावेत.' मी पाकीट उलटसुलट करून पत्ता दोनदा वाचला. पत्ता माझाच होता. म्हटलं, चूक त्यांची आहे, आपण कशाला दुरुस्त करा?

पण खोटं बोलवत नाही. मी कलावंत नाही. तीस-बत्तीस वर्षं मी लग्नांत, उरुसांत, जत्रांत आणि शाळांच्या गॅदरिंगांत गिटार वाजवली, आणि त्या सगळ्या वर्षांत एकही गाणं वाजवलेलं नाही. गाणं वाजवायचे दस्तगीर मास्तर, क्लॅरिनेटवर. ढोलकी वाजवायचा शिवलिंग. मी त्या दोघांच्या मधे मांडी घालून नुसतं 'धुम-चक, धुम-चक' करत बसायचो.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिटारीला सहा तारा. जाड तारांपैकी एक एकटी वाजवायची, ती 'धुम'. लगेच बाकीच्या सगळ्या एकदम झाडायच्या, तो 'चक'. 'चक' झाला रे झाला की डाव्या हाताची बोटं किंचित सैल सोडायची, म्हणजे आवाज तिथल्या तिथं मरतो. मेलाच पाहिजे. लोंबकळत राहिला की पुढच्या 'धुम'च्या पायात येतो. बोटांच्या तीन-चार बैठका असतात, गाणं वळलं की बैठक बदलायची. उजवा हात मात्र थांबवायचा नाही. घाम पुसायला नाही, माशी हाकलायला नाही, आणि नवरी कशी आहे ते बघायला तर नाहीच नाही.

परवा पुतण्याची मुलगी पुण्याहून आली होती. तिनं माझं 'धुम-चक' ऐकलं आणि ओरडलीच, "आजोबा, अहो हे तर ब्लूग्रास!" म्हटलं, म्हणजे काय? म्हणाली, अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातलं संगीत, आणि अर्थ सांगितला, निळं गवत. मी म्हटलं, बाई, आबा असते तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, मेंढरं खातेत का ते?

आबा म्हणजे माझे वडील. आम्ही धनगर. मुरुम गावच्या शिवेवर आमची वस्ती. पण वस्तीवर राहायचे म्हातारेकोतारे आणि कोंबड्या, बाकी घर कळपामागं. शेताला खत मिळावं म्हणून शेतकरी आमची मेंढरं रानात बसवून घ्यायचे. आज या शेतात, चार दिवसांनी त्या शेतात. तसा एकदा आमचा कळप मास्तरांच्या भावाच्या शेतात बसला होता, आणि तिथं माझं नशीब उघडलं, किंवा फुटलं. आमच्या मामाला विचाराल तर फुटलं.

दस्तगीर मास्तर निजामाच्या पलटणीच्या बँडात होते. पोलीस ॲक्शन झाली, संस्थान विलीन झालं, पलटण मोडली आणि तिच्याबरोबर बँडही. मास्तर एका हातात क्लॅरिनेट आणि दुसऱ्या हातात गिटार घेऊन मुरुमला परत आले. गिटार त्यांना बँडातल्या एका गोवेकर सोबत्यानं गावी परत जाताना दिली होती. त्या गोवेकराला हे 'धुम-चक' महायुद्धात कुठल्याशा छावणीत एका अमेरिकन सोल्जरनं शिकवलं होतं. मास्तर मला सांगायचे, "वो गोरा भी पहाड़वालाच था रे. घर में खेती, भेड़ां-बकरियां. तेरे सरीखाच."

तर मास्तर बांधावर बसून क्लॅरिनेट वाजवत होते आणि मी काठीनं दगडावर ठेका धरला होता. तेवढ्यात कुत्रं एका कोकराच्या मागं लागलं. मी त्याला चार शिव्या हासडल्या, शेजारच्या पोराशी बोललो, पाणी प्यालो. मास्तर वाजवायचे थांबले आणि माझ्याकडं बघतच राहिले. म्हटलं, आता शिव्यांबद्दल बोलणी बसणार. तर म्हणाले, "मियाँ, तू गाली दिया, बातां किया, पानी पिया, और तेरा हात एक बार भी नईं चुका. ये हात मेरेकू दे."

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत उर्दू शिकलेलो, त्यामुळं मास्तरांची बोली कळायची. हात देऊन टाकला.

आता नखीकडं येतो. तारा छेडायला बोटांत धरायचा तो लहानसा तुकडा, त्याला आम्ही नखी म्हणायचो. मास्तरांकडं एकच होती, कासवाच्या पाठीची, त्या अमेरिकनाच्या हातची. उन्हात धरली की मधासारखी दिसायची. मास्तरांनी ती रुमालात बांधून जिवापाड जपली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोठ्या विश्वासानं गिटार आणि नखी माझ्या हवाली केली. मी घोंगडीवर गिटार ठेवली, तिच्यावर नखी ठेवली आणि पाण्याला गेलो. परत आलो तर आमची लंगडी शेळी घोंगडीवर उभी राहून काहीतरी कुरकुर चावत होती.

मास्तरांना जाऊन सांगितलं. ते उठले, कळपात आले आणि म्हणाले, "कौनसी बकरी?" मी दाखवली. मग सांगायला लाज वाटते, पण लिहायचं म्हटल्यावर लिहितो. पलटणीच्या बँडात लाटसाहेबांच्या पुढं वाजवलेला तो माणूस, डोक्यावर काळी टोपी आणि हातात एक काडी घेऊन, दोन दिवस त्या शेळीच्या मागं मागं हिंडला. शेळी थांबली की हे थांबायचे. शेळी बसली की हे बसायचे. आमची आई पदर तोंडाला लावून हसायची आणि म्हणायची, "मास्तर, तिचं दूध तरी घेऊन जावा." नखी काही आली नाही. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी काडी फेकली आणि म्हणाले, "जाने दे. अब तू ढूंढ. मैं नईं देता."

ती शोधाशोध चार महिने चालली. नखी म्हणजे काय असते, हे मला त्या चार महिन्यांत कळलं. पहिल्यांदा घासलेटच्या डब्याचा पत्रा कापला. आवाज असा निघाला की गल्लीतली भांडी पडल्यासारखं वाटून बायका दारात आल्या. मग करवंटी घासून केली. ती जाड झाली, तारेत अडकून उडायची. एकदा उडाली ती शिवलिंगच्या कपाळावर बसली. बांबूची कामटी दोन दिवसांत फुटून तिची दातवणाची काडी झाली. सदऱ्याची गुंडी लहान पडली. मोराच्या पिसाचा देठ इतका मऊ निघाला की मलाच ऐकू येईना. शिवलिंग कानडी मुलखातला लिंगायत, तोंडानं फटकळ. नवी नखी काढली की तो ढोलकीवरचे हात उचलून ओरडायचा, "साकु रे, साकु!" साकु म्हणजे पुरे.

सांगायची गोष्ट अशी की पातळ नखी बोलते जास्त आणि काम कमी करते. जाड नखी काम करते, पण कडा गोल नसतील तर तारेला चावते. आणि ती आवळून धरायची नाही. कोकराचा कान धरावा तशी धरायची, सुटू नये आणि त्याला दुखूही नये. ही शेवटची अक्कल माझी स्वतःची आहे.

खरी नखी शेवटी घरातच सापडली. आबांकडं मेंढ्याचं एक जुनं शिंग होतं. त्याच्यात ते तेल ठेवायचे, लोकर कातरायच्या कातरीला द्यायला. ज्या मेंढ्याचं ते शिंग होतं तो आबांचा फार लाडका होता, कळपाच्या पुढं गळ्यात घंटी घालून चालणारा. आबा ते शिंग कंबरेला लावून फिरायचे. एके दुपारी ते झोपले असताना मी शिंगाच्या तोंडाशी करवतीनं एक कपची काढली. दगडावर घासली, राखेनं उजळली. वाजवली. अहो, काय सांगू! गिटार पहिल्यांदाच माणसात आल्यासारखी बोलली. शिवलिंगनं हात उचलला, मी वाट बघितली, पण 'साकु' काही आलं नाही.

संध्याकाळी आबांनी शिंग हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि आईला म्हणाले, "घुशीनं खाल्लं वाटतं गं." मी मान खाली घालून भाकरी खात होतो. आई म्हणाली, "घुशी लई माजल्यात." विषय तिथंच संपला असं मला वाटलं.

मास्तर मला चालवून शिकवायचे. येणेगूरच्या रस्त्यानं ते पुढं, मी मागं, गळ्यात गिटार. डाव्या पायाला 'धुम', उजव्या पायाला 'चक'. मधेच पळायचे, मधेच रेंगाळायचे, आणि माझा हात पायांबरोबर भरकटला की मागं न बघता ओरडायचे, "पांव मेरे बिगड़े, तेरा हात कैकू बिगड़ा?" रस्त्यानं जाणारे बैलगाडीवाले गाडी थांबवून बघायचे. एकानं तर विचारलं, "मास्तर, ह्याला कुटं इकायला नेताव?"

त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितला होता. "सुन. लोगां बोले क्लॅरिनेट अच्छा बजा, तो तेरा काम हुआ. लोगां बोले गिटार अच्छा बजा, तो समझ तू बिगाड़ दिया. तेरा आवाज अलग से सुना, कि मैं तेरेकू घर भेजा." म्हणजे वाजवायचं, पण ऐकू येऊ द्यायचं नाही. असला धंदा जगात दुसरा नसेल.

गिऱ्हाइकं तर याहून अवघड. लोहारा गावच्या एका लग्नात यजमान मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, "क्लॅरिनेट समजलं, ढोलकी समजली. हा तिसरा गडी फुगलेली सतार घेऊन काय करतोय? ह्याला जेवायला वाढू, पण वाजवायला नको." मास्तरांनी मला वाजवणं बंद करायला सांगितलं. दोन गाणी झाली. यजमान परत आले, डोकं खाजवत म्हणाले, "बसू द्या त्याला. काय करतोय ते कळत न्हाय, पण त्याच्याबिगर वरात चालंना झालीय." दुसरी पीडा अक्षतांची. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या, हळदीकुंकवात रंगवलेल्या. मंगलाष्टकं संपली की हजार हातांनी उधळतात आणि त्यातल्या निम्म्या माझ्या गिटारीच्या तोंडात, म्हणजे तारांखालच्या गोल भोकात, पडतात. लग्नसराई संपली की मी ती उलटी करून झाडायचो आणि कोंबड्यांना घालायचो. एवढं खाऊन त्या कोंबड्या कधी बेताल ओरडल्या नाहीत.

असं बरं चाललं असताना मामांनी घोळ घातला. मामा उमरग्याला कचेरीत पट्टेवाले होते. त्यांनी साहेबांच्या पायाशी बसून माझ्यासाठी शिपायाची जागा पक्की केली. वैशाखातल्या एका सोमवारी हजर व्हायचं होतं. डोक्यावर पागोटं, छातीवर पितळी बिल्ला, म्हातारपणी पेन्शन. आईचे डोळे भरून आले. मामा म्हणाले, "बिरू, सरकार म्हंजे सरकार. ते फुगलेलं डबडं दे त्या मास्तरच्या अंगावर टाकून."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, एकोणीस वर्षांचा घोडा मेंढरांच्या आड जाऊन रडलो. सकाळी उठल्यापासून माझा हात आपोआप चालायचा. जेवताना चालायचा, बोलताना चालायचा. तो हात आता साहेबांच्या टेबलावरच्या फायली पुसणार होता. संध्याकाळी धीर करून आबांना म्हटलं, "आबा, मला कचेरीत नगं. मला मास्तरांबरोबर ऱ्हाऊ द्या."

आबा फार बोलायचे नाहीत. त्यांनी चिलीम भरली, दोन झुरके घेतले आणि म्हणाले, "तुजी पार्टी कळंबला येणार हाये न्हवं? त्या आडत्याच्या घरच्या लग्नाला? आपली मेंढरं त्याच्याच रानात बसणार हायेत तवा. म्या येतो. बसतो. तुजं वाजिवणं मला ऐकू आलं, तर ऱ्हा. न्हाय आलं, तर सोमवारी कचेरी."

"आबा, त्यात क्लॅरिनेट असतंय, ढोलकी असती..."

"ते म्या ओळखतो. मला तुजं ऐकू आलं पायजे."

आता बघा माझी अवस्था. मास्तर म्हणतात, ऐकू आलं की घरी जा. आबा म्हणतात, ऐकू आलं नाही तर कचेरीत जा. मी डाव्या खिशात घासलेटच्या पत्र्याची नखी टाकली आणि उजव्या खिशात शिंगाची, आणि कळंबच्या गाडीत बसलो.

लग्न सकाळचं होतं. आडत्या मोठा धान्याचा व्यापारी, त्यामुळं अक्षतांना तोटा नव्हता. माझी गिटार दुपारपर्यंत पावशेर जड झाली. जेवणाच्या पंगती उठल्या आणि मांडवात आमची बैठक मांडली. बाहेर ऊन रणरणत होतं, आत पान-सुपारी फिरत होती, पोटं भरलेली. आबा आले. पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मांडवाच्या खांबाशी घोंगडी अंथरली, यजमानानं आग्रहानं वाढलेल्या बुंदीमुळं एक ढेकर दिला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. म्हणजे, कर सुरू.

मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं. मी खिशात हात घातला. देवाशपथ सांगतो, हात उजव्या खिशात जायचा तो डाव्या खिशात गेला.

पत्रा वाजला. काय वाजला! पुढच्या ओळीतल्या एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "कुणी डबा बडिवतंय का गं?" शिवलिंगनं ढोलकीवरचे हात उचलले. मास्तरांचे गाल फुगलेले होते, त्यांना बोलता येईना, पण डोळ्यांनी त्यांनी मला तिथल्या तिथं मुरुमला पाठवलं. मी आबांकडं बघितलं. म्हटलं, मास्तर हाकलतील तर हाकलोत, आबांना ऐकू तर आलं!

आबा झोपले होते. काठी उशाला, तोंड उघडं. माझ्या कडकडाटानं त्यांनी फक्त कूस बदलली.

म्हणजे इकडची भाकरी गेली आणि तिकडची पेन्शन आली. मी पत्र्याची नखी खिशात टाकली आणि शिंगाची काढली. मनाशी म्हटलं, बिरू, सोमवारपासून फायली. आजची ही एक दुपार तुझी. वाजव.

आणि मग मी वाजवलं. आबांचा विचार सोडून दिला, मास्तरांच्या डोळ्यांचा विचार सोडून दिला. 'धुम-चक, धुम-चक'. कधी मास्तर पुढं पळाले, कधी मागं रेंगाळले, माझा हात येणेगूरच्या रस्त्यानं चालत होता. हळूहळू मांडव हलायला लागला. माना डोलू लागल्या. आडत्यानं स्वतः उठून मास्तरांच्या गळ्यात हार घातला आणि माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. याहून मोठी शाबासकी आमच्या धंद्यात नाही. मास्तरांच्या कपाळावरची आठी गेली. आणि खांबापाशी आबा घोरत होते, अगदी तालात.

शेवटचं गाणं रंगात आलं होतं. माझ्या बोटांना घाम आला होता. कोकराचा कान जरा सैल धरला गेला, आणि नखी सटकून सरळ गिटारीच्या तोंडात पडली.

मी पाहिलं, हात रिकामा. अंगठ्यानं वाजवायचं सुचलंच नाही. माणूस घाबरला की काय करतो? मी गिटार उलटी केली आणि झाडायला लागलो. आतून ज्वारी पडायला लागली. लाल-पिवळी ज्वारी, पसा-पसा, मास्तरांच्या मांडीवर, शिवलिंगच्या ढोलकीवर, आडत्याच्या धोतरावर. नखी काही पडेना. इकडं पायाखालची फळी काढल्यासारखं झालं. शिवलिंगची ढोलकी सुसाट सुटली, मास्तरांचं क्लॅरिनेट तिला गाठायला गेलं आणि मधेच चिरकलं. सगळं थांबलं.

त्या शांततेत आबा ताडकन उठले. डोळे अर्धे मिटलेले, हातात काठी. "हुर्र! हुर्र! कुटं गेली रं? कुणी हाकलली?" असं ओरडत ते थेट वऱ्हाड्यांच्या घोळक्यात घुसले. माणसं दोन्ही बाजूंना पळाली. नवऱ्या मुलाचा मामा तक्क्यामागं लपला. दोघांना काठीनं एका बाजूला वळवल्यावर आबांच्या ध्यानात आलं की ही मेंढरं नाहीत. थांबले. मुंडासं सारखं केलं. मग मांडवभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी उलटी गिटार छातीशी धरून उभा होतो, पायाशी ज्वारीचा ढीग.

"का रं, बंद का केलंस?" आबा म्हणाले.

मी म्हटलं, "नखी आत पडली."

"मग काढ की. झोपमोड केलीस माजी."

"आबा," मी म्हटलं, "तुमी तर झोपला होता. तुमाला कुटं ऐकू आलं?"

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी मेंढराला पाय किती ते विचारलं. म्हणाले, "येड्या, चाळीस वर्सं म्या रानात झोपतोय. म्होरल्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटी वाजतीया तवर झोपतो. घंटी बंद पडली की उठतो, मंजी कळप कुटंतरी अडलाय न्हायतर लांडगा आलाय. घंटी कधी कानाला ऐकू येती व्हय? पर ती हाये म्हणून तर झोप लागती." मग काठी जमिनीवर टेकली. "तुजं ऐकू आलं मला. बस खाली."

मांडव हसत होता. मी हसत होतो का रडत होतो ते मला आज सांगता येणार नाही, बहुतेक दोन्ही. दस्तगीर मास्तर क्लॅरिनेट मांडीवर ठेवून उठले, आबांच्या जवळ गेले आणि त्यांचे दोन्ही हात धरले. "चाचा, ये बात समझने कू मेरेकू पलटण में दस साल लगे." आबा म्हणाले, "तुमी माणसांत ऱ्हायलाव मास्तर. मेंढरांत ऱ्हायला असताव तर लवकर कळलं असतं."

नखी काही निघाली नाही, आणि पत्र्याची पुन्हा काढायची माझी छाती नव्हती. लोक खोळंबले. तेव्हा आबांनी कंबरेचं तेलाचं शिंग सोडलं, त्याचं तोंड माझ्याकडं केलं आणि मेंढरांची खुरं तासायचा चाकू माझ्या हातात दिला. "घे. आता उघड काप. त्या दिशी चोरून कापलंस म्हणून तिरकं गेलं." मी मान वर करीना. आबा म्हणाले, "घूस करवतीनं खात न्हाय रं बाबा. पर तुजी आई म्हणाली, राहू द्या."

मांडवात बसून मी कपची काढली. घासायला वेळ नव्हता. तारांना तेल लागलं, गिटारीला मेंढीचा वास सुटला आणि म्हातारीनं पुन्हा शेजारणीला काहीतरी विचारलं. पण शेवटचं गाणं झालं.

मी कचेरीत गेलो नाही. ती जागा मामांच्या साडूच्या मुलाला मिळाली. तो आता पेन्शन घेऊन सकाळी फिरायला जातो, मला भेटला की सहानुभूतीनं बघतो. मामा दोन वर्षं बोलले नाहीत. मलाही कधी कधी पेन्शनची हळहळ वाटते, विशेषतः गुडघे दुखतात तेव्हा. आणखी एक हळहळ आहे. मास्तर गेल्यावर लाउडस्पीकर आले, आम्हाला कुणी बोलावेना. तेव्हा वाटलं, एखादं गाणं तरी आपण शिकून ठेवायला हवं होतं, एकट्याला वाजवता येईल असं. मला अजून एकही येत नाही. शिंगाची ती पहिली नखी अजून गिटारीतच आहे. भिंतीवरून काढून हलवली की आत खुळखुळते.

आबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. ते गेल्यावर मी कळंबकडं गेलो होतो, ज्यांच्या रानांत आमची मेंढरं बसायची त्या लोकांना भेटायला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला चहा पाजला आणि म्हणाला, "तुमचे वडील तुमची लई तारीफ करायचे बघा." मला बरं वाटलं. विचारलं, "काय म्हणायचे?" तो हसायला लागला, मग त्याची बायको हसायला लागली, सुना हसायला लागल्या. म्हणाला, "रागावू नका. म्हणायचे, आमचा बिरू असा वाजिवतो, असा वाजिवतो, की झोप लई ब्येस लागती."

सगळे हसत होते. मीही हसलो, कप खाली ठेवला आणि बाहेर येऊन बराच वेळ त्यांच्या बांधावर बसून राहिलो.